यात्रा-मेळावे व साथीचे रोग

यात्रा, जत्रा, उरूस, आठवड्याचे बाजार, सैन्याचे तळ, मिरवणुका, राजकीय सभा इ. निमित्तांनी एकत्र जमणाऱ्या जनसमुदायामुळे सांसर्गिक रोगांचा होणारा प्रसार आणि त्यास आळा घालण्यासाठी शासनाने व समाजाने वेळोवेळी योजिलेले उपाय यांचा हा इतिहास होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासूनच्या हिंदुस्थानातील घटनांचा परामर्श घेतला असून, तुलनेसाठी मक्केची यात्रा आणि १९१८ मधील अमेरिकन शहरे यांची उदाहरणे दिली आहेत.

रोगप्रसाराच्या दृष्टीने मेळाव्याच्या तीन अवस्था मानता येतात. पहिल्या अवस्थेत दूरदूरच्या प्रदेशांतील लोक, आणि त्यांच्याबरोबर त्या प्रदेशांतील रोगजंतू, एका ठिकाणी येतात. दुसऱ्या अवस्थेत तेथील पाणी, निवारा व मैला वाहून नेण्याची व्यवस्था यांवर असह्य ताण पडतो. तिसऱ्या अवस्थेत मेळावा पांगतो व लोक आपापल्या गावी परततात. या तिसऱ्या अवस्थेकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. परंतु साथीच्या इतिहासात तीच सर्वांत निर्णायक ठरलेली आहे. पटकीचा परिपाककाल (जंतुसंसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंतचा काळ) काही तासांपासून सु. पाच दिवसांपर्यंत असतो. त्यामुळे यात्रास्थानी धडधाकट दिसणारा मनुष्य परतीच्या वाटेवर आजारी पडतो आणि वाटेतील गावाच्या विहिरीत किंवा ओढ्यात रोगाचे बीज पेरून पुढे जातो.

गर्दीचा धोका सर्व रोगांच्या बाबतीत सारखा नसतो. पटकी दूषित पाण्यातून व अन्नातून, ग्रंथिक प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत, तर इन्फ्ल्यूएंझा श्वासावाटे पसरतो. पहिल्या रोगात पाणी शुद्ध राखल्यास मोठा मेळावाही निर्वेध पार पडू शकतो. दुसऱ्यात माणसांची गर्दी हे गौण कारण असते. तिसऱ्यात मात्र गर्दी हेच मुख्य कारण असून स्वच्छ पाण्याचा तेथे काही उपयोग नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा भेद ज्ञात नव्हता. त्यामुळे मेळाव्यांवर घातल्या गेलेल्या बंदीमागे शास्त्रीय ज्ञान थोडे आणि तर्क, व्यापारी हितसंबंध व राज्यकर्त्यांची सोय ही अधिक असत. कोणत्या गर्दीवर बोट ठेवावयाचे आणि कोणत्या गर्दीकडे काणाडोळा करावयाचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकाचा राहिलेला नाही.

प्रारंभीच्या नोंदी : हरिद्वार येथे १७८३ मध्ये भरलेल्या मेळ्यात आठ दिवसांच्या आत सु. २०,००० यात्रेकरू पटकीने दगावल्याचा उल्लेख इंग्रज लेखकांनी केलेला आहे. पटकीची पहिली जागतिक साथ मात्र १८१७ च्या ऑगस्टमध्ये बंगालमधील जेसोर येथून सुरू झाली, असे मानले जाते. त्याच वर्षी नोव्हेंबरात बुंदेलखंडात पेंढाऱ्यांच्या विरुद्ध मोहिमेवर असलेल्या गव्हर्नर जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्जच्या सैन्याच्या तळावर तिने धुमाकूळ घातला. शिपाई व त्यांच्यासोबतचे बाजारबुणगे मिळून हजारो लोक मृत्युमुखी पडले. तळ हलवून बेटवा नदीकाठच्या उंच व कोरड्या जागी नेल्यावर रोग हटला. पाणी व जागा बदलल्याचा हा परिणाम होता; परंतु त्याचा उलगडा त्या काळी होऊ शकला नाही. १८१८ मध्ये ही साथ दख्खनमध्ये शिरली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईस पोहोचली. हा काळ पेशवाईच्या अस्ताचा होता. फौजांच्या हालचाली, लमाणांचे तांडे व मोहिमांमुळे घरदार सोडून निघालेली रयत यांमुळे दख्खनचे रस्ते त्या वेळी गजबजलेले होते. पटकीच्या पहिल्या मोठ्या प्रसारात सैन्याचा वाटा यात्रेकरूंपेक्षा कमी नव्हता, ही गोष्ट पुढील काळातील चर्चेत बहुधा विसरली गेली.

मक्केची यात्रा व आंतरराष्ट्रीय परिषदा : मक्केत पटकीचा शिरकाव प्रथम १८३१ मध्ये झाला. तथापि यूरोपीय राष्ट्रांना यात्रेचा धोका जाणवला तो १८६५ मध्ये. त्या वर्षीच्या हज यात्रेत सु. १५,००० किंवा त्याहून अधिक यात्रेकरू पटकीने मरण पावले. पूर्वी परतणारे काफिले वाळवंटातून अनेक आठवडे प्रवास करीत आणि त्या अवधीत रोग वाटेतच विझून जाई. आता मात्र जिद्दा ते सुएझ आगबोट आणि सुएझ ते अलेक्झांड्रिया आगगाडी अशी जलद सोय झालेली होती. जूनमध्ये अलेक्झांड्रियात व त्यानंतर काही आठवड्यांतच कॉन्स्टँटिनोपल, मार्से व भूमध्य समुद्रावरील इतर बंदरांत पटकी पोहोचली. पुढील वर्षी तिने अमेरिकाही गाठली. मेळावा पूर्वीचाच होता. बदलला होता तो पांगण्याचा वेग.

यामुळे १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थान ही पटकीची जन्मभूमी असून तेथील व मक्केतील यात्रा ही तिच्या प्रसाराची प्रबळ कारणे आहेत, असा निर्णय परिषदेने दिला. यात्रेकरूंच्या जहाजांना क्वारंटीन लागू करावे, म्हणजे किनाऱ्यास लागण्यापूर्वी त्यांना ठराविक दिवस अलग ठेवावे, अशी शिफारस करण्यात आली. १८८२ मध्ये तांबड्या समुद्रातील कामारान बेटावर असे ठाणे उघडण्यात आले व मुंबईहून जाणाऱ्या यात्रेकरूंना तेथे उतरावे लागू लागले. ब्रिटिश सरकारने या निर्बंधांस दीर्घकाळ विरोध केला. त्यात यात्रेकरूंच्या कळवळ्यापेक्षा व्यापारी जहाजांच्या खोळंब्याची चिंता अधिक होती.

हरिद्वारचा कुंभमेळा, १८६७ : मेळावा व साथ यांचा संबंध तपशीलवार नोंदला गेला, असा हा हिंदुस्थानातील पहिला मोठा प्रसंग होय. सरकारी अंदाजाप्रमाणे सु. ३० लक्ष लोक जमले होते. त्या काळाच्या मानाने व्यवस्था चोख होती. जमीन आखून तंबूंच्या वसाहती केलेल्या होत्या, शौचासाठी चर खणलेले होते, केरकचरा रोज हलविला जात होता आणि मेळ्याच्या प्रारंभीच्या दिवसांत रोगराई जवळजवळ नव्हती. ११ एप्रिलच्या रात्री वादळी पाऊस सुरू झाला व तो दुसऱ्या दिवशीही पडत राहिला. उघड्यावर असलेले लाखो लोक भिजले व मैदानावरील आणि चरांतील मैला पाण्याबरोबर गंगेत वाहून आला. १२ एप्रिल हा मुख्य स्नानाचा दिवस होता. घाटाजवळ पात्रात कठडे घालून सुरक्षित केलेल्या चिंचोळ्या जागेत सकाळपासून सूर्यास्तापर्यंत लोक दाटीवाटीने स्नान करीत होते व तेच पाणी तीर्थ म्हणून प्राशन करीत होते.

पुढील दोन-तीन दिवसांत मेळा पांगला आणि यात्रेकरूंच्या वाटांवर पटकीचा उद्रेक झाला. डॉ. जॉन मरे या अधिकाऱ्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून तारखा गोळा करून दाखवून दिले, की ज्या क्रमाने यात्रेकरू गावोगाव पोहोचले, त्याच क्रमाने रोगही तेथे पोहोचला. पश्चिमेस पंजाब ओलांडून तो पेशावर व पुढे काबूलपर्यंत गेला. बाधितांची संख्या सु. अडीच लाख असून त्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावले, असा अंदाज करण्यात आला. पंजाबातील अधिकाऱ्यांनी परतणाऱ्या यात्रेकरूंना छावण्यांत व मोठ्या शहरांत येऊ न देण्याचे उपाय योजिले. परंतु त्यामुळे ते आडवाटांनी खेड्यांत शिरले. एका रात्रीच्या पावसाने चोख व्यवस्था कशी उधळली जाते आणि मेळ्याच्या जागेइतकीच परतीच्या वाटेची काळजी का घ्यावी लागते, हे दोन्ही धडे या घटनेत होते.

कारणमीमांसेचा वाद : हे धडे लगेच घेतले गेले नाहीत. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये पटकीचा दूषित पाण्याशी असलेला संबंध दाखविला होता. तरी हिंदुस्थान सरकारच्या आरोग्य खात्यात वेगळेच मत प्रबळ झाले. जेम्स ब्रायडेन यांनी १८६९ मध्ये पटकीचा प्रसार मोसमी वाऱ्यांच्या अनुरोधाने होतो, असे प्रतिपादन केले. आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम यांनीही माणसांमार्फत हा रोग पसरतो ही कल्पना अमान्य केली. हे मत सरकारला सोयीचे होते. कारण माणसे रोग वाहून नेतात असे मान्य केल्यास हिंदी बंदरांतून सुटणाऱ्या प्रत्येक जहाजावर परकी राष्ट्रांनी क्वारंटीन लादले असते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर तर ही भीती अधिकच वाढली. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तलावातील पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा पटकीचा जंतू दाखविला, तेव्हाही सरकारी वर्तुळांतून त्यास प्रथम विरोधच झाला.

याच काळात यात्रेकरूंविषयी एक विशिष्ट भाषा रूढ होत गेली. ओरिसाच्या इतिहासावरील आपल्या १८७२ च्या ग्रंथात डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी जगन्नाथपुरीच्या यात्रेकरूंचे वर्णन यूरोपातील राजधान्यांना धोका ठरणारा समुदाय असे केले. पुरीच्या यात्रेकरूंची दैन्यावस्था खरी होती. शेकडो मैल पायी चालून अर्धपोटी आलेले लोक कोंदट निवासांत दाटीने राहत, शिळा प्रसाद खात आणि पावसाळ्यात चिखलाच्या वाटांनी परतत. परंतु या दैन्याचे मूळ वाटेवरील धर्मशाळा, रुग्णालये व शुद्ध पाणी यांच्या अभावात होते. रोगाचे कारण श्रद्धेत शोधले, की खर्चाची जबाबदारी टळते. एकोणिसाव्या शतकातील अनेक अहवालांचे स्वरूप तसे आहे.

पंढरपूर : महाराष्ट्रात हाच प्रश्न पंढरपुरास तीव्रतेने जाणवला. चैत्री, आषाढी, कार्तिकी व माघी या चार यात्रांपैकी आषाढी सर्वांत मोठी आणि ती ऐन पावसाळ्यात येते. देहू, आळंदी व इतर ठिकाणांहून निघालेल्या दिंड्या दोन-तीन आठवडे चालत येतात. वाटेतील प्रत्येक मुक्कामाच्या गावी मूळ वस्तीच्या कित्येक पट माणसे एका रात्रीत उतरतात आणि तेथील विहिरी व ओढे वापरतात. पंढरपुरात चंद्रभागेचे वाळवंट हे एकाच वेळी स्नानाचे, कीर्तनाचे व मुक्कामाचे स्थळ असे आणि नदीचे पाणीच पिण्यासाठी वापरले जाई. पौर्णिमेस गोपाळपूरचा काला झाल्यावर वारकरी पांगत. एकोणिसाव्या शतकात पटकी दख्खनमध्ये ज्या वर्षी असे, त्या वर्षी आषाढीनंतर ती गावोगाव वाढे, हा लोकांच्याही अनुभवाचा भाग होता. पंढरपूरच्या नगरपालिकेने यात्रेकरूंवर कर बसवून त्यातून झाडलोट व पाण्याची सोय करण्यास सुरुवात केली. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपुरास पोहोचल्यावर यात्रेकरूंची संख्या व पांगण्याचा वेग ही दोन्ही वाढली आणि रोगी शोधून काढण्याचे काम स्थानकांवरही करणे भाग पडले.

वारीच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. दिंडी ही विस्कळित गर्दी नव्हे. तिचा प्रमुख, तिचा क्रम, मुक्कामाची गावे व वेळा ठरलेल्या असतात. आरोग्य खात्याला हव्या असलेल्या सूचना पोहोचविण्याचे साधन त्यामुळे मेळाव्याच्या रचनेतच तयार असते. त्याचा उपयोग करून घेण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

महावारुणी मेळा, १८९२ : हरिद्वार येथे मार्च १८९२ मध्ये महावारुणीच्या पर्वणीसाठी जमू लागलेल्या लोकांमध्ये पटकीचे रुग्ण आढळताच वायव्य प्रांताच्या सरकारने मेळाच मोडून काढला. तिकिटांची विक्री थांबविण्यात आली, वाटेतील लोकांना परत फिरविण्यात आले आणि सु. दोन लाख यात्रेकरूंना स्नानाविना हुसकावून लावण्यात आले. अनेक वर्षांनी येणारी पर्वणी हुकल्याबद्दल वृत्तपत्रांतून व सभांतून तीव्र निषेध झाला. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यातील धर्मात हस्तक्षेप न करण्याच्या आश्वासनाचा हा भंग आहे, असा आक्षेपकांचा दावा होता. या बंदीचा आरोग्यदृष्ट्या लाभ काय झाला, याचे उत्तर त्याच वर्षी मिळाले. पटकी पंजाब, अफगाणिस्तान व इराणमार्गे रशियात गेली आणि १८९२ च्या उन्हाळ्यात तिने हँबर्ग शहरात थैमान घातले. जमलेल्या लोकांना रोगासह घाईने पांगविणे हा मेळावा भरू देण्याहून सुरक्षित उपाय नव्हे, हे यावरून दिसून आले. मेळावा टाळावयाचा तर तो लोक घरून निघण्यापूर्वी टाळावा लागतो. ते जमल्यावर त्यांची जागेवरच देखभाल करणे अधिक श्रेयस्कर असते.

प्लेग व १८९७ चा कायदा : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी त्याचे निदान केले. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहराची जवळजवळ निम्मी लोकसंख्या बाहेरगावी निघून गेली होती. व्हेनिस येथे भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या दडपणाखाली हिंदुस्थान सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत केला. कायदा अवघ्या काही कलमांचा. पण त्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. प्रवाशांची तपासणी, घरांची झडती, संशयितांचे विलगीकरण व मेळाव्यांवर बंदी हे सर्व त्याखाली करता येऊ लागले. त्याच महिन्यात मुंबईहून हजला जाण्यास मनाई करण्यात आली आणि अनेक जत्रा बंद करण्यात आल्या.

ग्रंथिक प्लेग मुख्यत्वे उंदीर व त्यांच्यावरील पिसवा यांच्यामार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये सुचविले आणि पुढील दशकात मुंबईतील संशोधनाने ते सिद्ध झाले. म्हणजे उघड्या मैदानावरील जत्रेपेक्षा धान्याची वखार अधिक धोक्याची होती. परंतु धान्याच्या व्यापारावर निर्बंध घालणे सरकारास परवडणारे नव्हते. माणसांवर घालणे सोपे होते. पुण्यात डब्ल्यू. सी. रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या व त्यांतील अपमानकारक वर्तनाने प्रक्षोभ उसळला. २२ जून १८९७ रोजी, गणेशखिंड येथील सरकारी निवासात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतत असताना, चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुण्यातील साथ त्या सुमारास ओसरलेली होती, हे खरे. तथापि देशात जत्रांना मनाई आणि राज्यकर्त्यांच्या उत्सवास मुभा, हा विरोध समकालीनांच्या नजरेतून सुटला नाही. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही प्लेगच्या उपायांवरून दंगल झाली. त्यानंतर सरकारने सक्ती हळूहळू सैल केली आणि स्थानिक पुढाऱ्यांचे साहाय्य, ऐच्छिक स्थलांतर व वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत तयार केलेली लस यांवर भर दिला. जरबेने रोगी लपविले जातात व रोग पसरतो, हा या प्रकरणाचा निष्कर्ष होय.

इन्फ्ल्यूएंझा, १९१८ : पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेली ही साथ वेगळ्या प्रकारची होती. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले पोलीस शिपाई आजारी पडले. सप्टेंबरात दुसरी व अधिक घातक लाट आली आणि ६ ऑक्टोबर रोजी शहरात एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. हिंदुस्थानात एकूण १ कोटी २० लाख ते २ कोटी लोक मृत्युमुखी पडल्याचे अंदाज आहेत. मुंबई इलाख्यात दुष्काळी परिस्थितीची त्यात भर पडली होती. सैनिकांनी भरलेली जहाजे व आगगाड्या हे या वेळचे सर्वांत मोठे फिरते मेळावे होते आणि युद्धकाळात ते थांबविण्याचा विचारही कोणी करू शकत नव्हते.

श्वासावाटे पसरणाऱ्या रोगात मेळाव्याचे महत्त्व किती असते, याचे सर्वाधिक अभ्यासिलेले उदाहरण अमेरिकेतील दोन शहरांचे आहे. फिलाडेल्फिया येथे रुग्ण आढळत असूनही, डॉक्टरांचे इशारे डावलून, २८ सप्टेंबर १९१८ रोजी युद्धकर्जाच्या प्रचारासाठी प्रचंड मिरवणूक काढण्यात आली. ती पाहण्यास सु. दोन लाख लोक रस्त्यांवर जमले. तीनच दिवसांत शहरातील रुग्णालये भरून गेली आणि सु. सहा आठवड्यांत १२,००० हून अधिक लोक मरण पावले. सेंट लूइस येथे आरोग्याधिकारी मॅक्स स्टार्कलॉफ यांनी पहिल्या रुग्णांनंतर काही दिवसांतच, ७ ऑक्टोबर रोजी, शाळा, चित्रपटगृहे, प्रार्थनामंदिरे व सभा बंद केल्या. या शहरांच्या मृत्युनोंदींची तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार साथीच्या शिखरकाळी दर लाख लोकसंख्येमागे आठवड्याचे अतिरिक्त मृत्यू फिलाडेल्फियात २५७ व सेंट लूइसमध्ये ३१ होते. मात्र निर्बंध उठविताच सेंट लूइसमध्येही रोग पुन्हा वाढला. बंदीने साथ नाहीशी होत नाही; ती पसरट होते व रुग्णालयांना उसंत मिळते. फिलाडेल्फियाचा मेळावा यात्रा नव्हता, तर सरकारपुरस्कृत देशकार्य होते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

विसाव्या शतकातील सुधारणा : पटकीच्या जंतूचे ज्ञान झाल्यावर यात्रांचे व्यवस्थापन हळूहळू शास्त्रीय पायावर उभे राहिले. विहिरींत पोटॅशियम परमँगॅनेट टाकण्याची अर्नेस्ट हँकिन यांनी पुरस्कारलेली पद्धत, नंतर विरंजक चूर्णाचा व क्लोरीनचा वापर, नळाचे पाणी, तात्पुरती रुग्णालये, अन्नपदार्थांची तपासणी आणि यात्रेकरूंना पटकीप्रतिबंधक लस टोचण्याची सक्ती हे उपाय निरनिराळ्या यात्रांत अंमलात आले. टोचणीच्या सक्तीला लोकांचा विरोध झाला व तिची परिणामकारकताही मर्यादित होती. प्रत्यक्ष फरक पडला तो पाण्यामुळे. अलाहाबाद येथे २०१३ मध्ये भरलेल्या कुंभमेळ्यास कोट्यवधी लोक जमूनही मोठी साथ उद्‌भवली नाही. एकेकाळी जे मेळावे पटकीचे समानार्थी समजले जात, तेच सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या अभ्यासाचे विषय झाले. मक्केतही असाच बदल घडून आला. १९८७ मध्ये हज यात्रेकरूंत मस्तिष्कावरणशोथाची (मेंदूज्वराच्या एका प्रकाराची) साथ उद्‌भवली आणि २००० मध्ये त्याच रोगाच्या वेगळ्या जंतुप्रकाराचा प्रसार अनेक देशांत झाला. त्यानंतर २००२ पासून सौदी अरेबियाने चार जंतुप्रकारांविरुद्धची लस यात्रेकरूंना अनिवार्य केली.

कोविड–१९ : २०२० मध्ये सुरू झालेल्या या जागतिक साथीने मेळाव्यांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या तालमीस ६१ जण उपस्थित होते. त्यांपैकी ५३ जणांना निश्चित वा संभाव्य संसर्ग झाला व दोघे दगावले. बंद जागा, दीर्घ सहवास व उच्च स्वरातील गायन यांचा संयोग किती धोक्याचा असतो, हे यावरून दिसले. संख्येपेक्षा हवेची हालचाल अधिक महत्त्वाची ठरली.

सौदी अरेबियात २०१९ मध्ये सु. २५ लाख यात्रेकरूंनी हज केला होता. २०२० मध्ये केवळ सु. एक हजारांना परवानगी मिळाली. महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये १८९७ चा साथरोग कायदाच लागू करण्यात आला. त्या वर्षीची आषाढी वारी पायी निघाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या मानकऱ्यांसह एस. टी. बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या व २०२१ मध्येही बसचाच अवलंब झाला. वारकरी परंपरेतील जाणत्यांशी विचारविनिमय करून, लोक घरून निघण्यापूर्वीच हा निर्णय झाला. १८९२ च्या हरिद्वारशी तुलना केल्यास त्याचे महत्त्व ध्यानात येते. २०२२ मध्ये पायी वारी पूर्ववत सुरू झाली.

याउलट एप्रिल २०२१ मध्ये, देशात दुसरी लाट वाढत असताना, हरिद्वारचा कुंभमेळा भरला. १२ व १४ एप्रिलच्या शाही स्नानांस लाखो लोक उपस्थित होते. १७ एप्रिल रोजी पंतप्रधानांनी मेळा प्रतीकात्मक ठेवण्याचे आवाहन केले, तोपर्यंत परतीचा प्रवास सुरू झालेला होता. त्याच काळात पश्चिम बंगालसह काही राज्यांत निवडणुकांच्या विराट सभा होत होत्या. दोन्ही प्रकारच्या मेळाव्यांवर टीका झाली. तत्पूर्वी मार्च २०२० मध्ये दिल्लीतील तबलीगी जमातीच्या संमेलनातून संसर्ग पसरल्याचे आढळल्यावर एका संपूर्ण समाजास दोषी धरण्याचा प्रकार घडला. परदेशी सहभागींवरील गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याची शक्यता नमूद केली. संसर्गाचा शोध आणि दोषारोप यांत अंतर राखणे किती कठीण असते, हे दीडशे वर्षांनंतरही दिसून आले.

मूल्यमापन : वरील घटनांवरून काही सर्वसाधारण निष्कर्ष काढता येतात. गर्दी हे स्वतः रोगाचे कारण नसून त्याच्या प्रसाराचे साधन आहे. ते कितपत प्रभावी ठरेल, हे रोगप्रसाराच्या मार्गावर अवलंबून असते. म्हणून मेळाव्याविषयीचा निर्णय त्या त्या रोगाच्या ज्ञानावर आधारावा लागतो. दुसरे असे, की मेळावा टाळावयाचा असल्यास तो वेळीच टाळावा लागतो. उशिरा केलेली बंदी रोगास अधिक वेगाने दूरवर नेते. तिसरे असे, की निर्बंध सर्व मेळाव्यांना सारखेच लागू असावे लागतात. सैन्य, व्यापार, राजसमारंभ वा प्रचारसभा यांस एक न्याय व यात्रेस दुसरा, अशी भावना निर्माण झाल्यास लोक वैद्यकीय सल्ल्यावरही अविश्वास दाखवितात. अखेरीस, पंढरीची वारी, हज किंवा कुंभ यांचे मोल त्यांत सहभागी होणाऱ्यांच्या दृष्टीने आयुष्यभराचे असते. ते मोल जाणून, त्या त्या परंपरेतील जाणत्यांना विश्वासात घेऊन केलेला संयमाचा आग्रह लोकांनी मानला आहे. ते न जाणता केलेली सक्ती बहुधा निष्फळ ठरली आहे.